गाडीतलं सगळ्यात जड सामान

केसर, गाडी पळाली!

आताच पुण्याकडून आलोय. गाडी अजून टेम्पोवरच आहे, दोऱ्या सोडल्या न्हाईत, मी हातपाय धुतले न्हाईत आन् कागद घेऊन बसलोय. माझी चौथीची शाळा तुला माहीत आहे. तू म्हणायचीस, "मिस्तरी, हे अक्षर आहे का ग्रीस सांडलंय?" तर आज सांडलेलं ग्रीस वाच.

मेलेल्या माणसावर लिहितात तेव्हा लोक लिहितात की बाई फार मनमिळाऊ होती. तू मनमिळाऊ नव्हतीस. तुझ्याशी भांडला न्हाई असा एक ट्रक डायवर वाटूर फाट्यावर दाखवून दे. मी खोटं लिहिणार न्हाई. माझ्याशी तर तू रोज भांडलीस, आन् शेवटचं भांडण अर्ध्यावर टाकून गेलीस. गाडी चालवणार कोण, हे भांडण.

तेच सांगायला बसलोय, चालवली कोणी ते. पण रांगेनं सांगू दे. मधी बोलू नको.

हे लिहिलं आन् हात थांबला बघ. बोल की गं मधी.

ती दोन दारांची बसकी गाडी ग्यारेजमागं लिंबाखाली किती वर्षं पडून होती. जालन्याच्या एका कारखानदाराच्या पोरानं हौसेनं घेतली, पुराच्या पाण्यात घातली, इंजिन जाम केलं आन् आपल्याकडं आणून टाकली. पोरगं परदेशात गेलं. बाप म्हणला, "मिस्तरी, तुमीच ठेवा ती अवदसा, माझ्या दारात नको." कागद करून दिले. मी तिचे पार्ट मोकळे करायच्या विचारात होतो आन् तुझ्या कोंबड्या तिच्या मागच्या शिटावर अंडी घालून राह्यल्या होत्या.

मंग दिवाळीला आपली मीरा आली. तिच्या मोबाईलवर तू ते बघितलंस. गोल गोल काळा रस्ता, समोरून कोणी यायचं न्हाई, आन् जुन्या गाड्या सुसाट. तू चष्मा पुसून परत बघितलंस.

"ह्यांच्या गाडीत काहीच कसं न्हाई गं? गाद्या न्हाईत, शिटं न्हाईत. चोरीला गेलं का?"

"माय, मुद्दाम काढतात. हलकी गाडी जल्दी वळती, जल्दी थांबती."

"मोठं इंजिन न्हाई घालत?"

"त्याच्यापेक्षा वजन काढलेलं बरं म्हणतात."

तू तशीच उठलीस, लिंबाखाली गेलीस, मागच्या शिटावरची कोंबडी हाकलली आन् तिथून ओरडलीस, "मिस्तरी! वजन काढायला काय नवीन आणावं लागतंय? पाना घेऊन या!"

कापूस मोजायचा ताणकाटा तू लिंबाच्या फांदीला टांगलास. जल्मभर त्या काट्यावर वेचणाऱ्या बायांचा कापूस मोजलास तू. कोणाचं बोट ओझ्याला लागलं तरी तुला दिसायचं. आता त्याच काट्याला गाडी टांगली, तुकड्या-तुकड्यानं. मागचं शीट. एसी. टेप आन् त्याचे डबे. स्टेपनी. काटा खाली गेला की तू टाळी वाजवायचीस. दाराच्या आतली काच वर करायची मोटार निघाली तर ती हातात धरून म्हणलीस, "काच वर करायला मोटार? हात मोडले होते का त्यांचे?" टांगली, मोजली, फेकली. मी इतकी वर्षं गाड्यांमधी सामान बसवत आलो. काढण्यात एवढी मजा असती हे मला म्हातारपणी कळलं.

तळाला डांबराचं जाड अस्तर होतं, आवाज आत येऊ नये म्हणून घालतात ते. मी उन्हात खरवडायला गेलो तर चिकीच्या पाकासारखं तार धरून राह्यलं. पटाशीला लागलं, हाताला लागलं, मिशीला लागलं. तू म्हणलीस, "पाक गार झाल्याबिगर तडकत न्हाई, एवढं पण कळत न्हाई का?" मंग पौषातल्या थंडीत, दव पडलेलं असताना, तू डोक्याला टावेल बांधून छिन्नी धरायचीस आन् मी हातोडा. ठक्क केलं की काचेसारखी खपली उडायची. डेअरीला दूध घालायला जाणारे थांबून बघायचे. चहावाला म्हणला, "काय मावशी, खजिना सापडला का?"

"सापडला की. तुझ्या बापानं पुरल्ता. त्यानंच पत्ता दिला."

आन् बॉनेट. बॉनेटचं लिहिलंच पाहिजे. लोखंडी काढून फायबरचं करायचं ठरलं. फायबरचं कापड थरावर थर घालायचं, वरून चिकट औषध फासायचं. तू म्हणलीस, ही तर वाकळच झाली, वाकळा मी डोळे झाकून शिवीन. जुनं बॉनेट उलटं टाकून तोच साचा केला. पण साच्याला आधी काय फासायचं ते विचारायचं राहिलं. मी म्हणलो, औषधवाल्याला फोन लावून विचारू. तू म्हणलीस, "थालपीठ तव्याला चिकटू नये म्हणून काय लावतो आपण? त्यासाठी कोणाला फोन करतो का?" आन् घरातलं गोडेतेल आणून चोपडलंस.

दुसऱ्या दिवशी दोघं ओढून राह्यलो, सुटंना. पहारीनं उचकटलं, सुटंना. शेवटी काट्याला टांगलं. लोखंडाचं वजन अधिक फायबरचं वजन अधिक गोडेतेल. हलकं करायला गेलो आन् डबल करून ठेवलं. मी तुझ्याकडं बघितलं, तू माझ्याकडं, आन् तू मातीतच बसलीस हसत. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबंना. तुला तसं हसताना मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. लग्नात तर तू रडूनच राह्यली होतीस, माझ्याकडं बघून.

दुसऱ्या खेपेला फरशीचं मेण लावलं. सुटलं! अलगद सुटलं, पापडासारखं. तू ते एका हातानं उचललंस, डोक्यावर घेतलंस आन् सरळ फाट्यापर्यंत चालत गेलीस, दाखवायला. रस्त्यावर ट्रक थांबले. मी मागून, "अगं तडा जाईल, केसर, तडा जाईल!" तू कशाला ऐकतीस.

मंग आतला लोखंडी पिंजरा मी वेल्डिंगनं बसवला. गाडी उलटली तरी माणूस वाचला पाहिजे, म्हणून तिथं तू एक पाईप कमी करू दिला न्हाईस. बाकी गाडी अशी मोकळी झाली की आत बोललं तर घुमायचं. मी म्हणलो, "आता काय काढू? काढायला काही राहिलंच न्हाई."

तू माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलंस.

"चला," म्हणलीस. समोरच्या अडतीत नेलंस, धान्याच्या मोठ्या काट्यावर उभं केलंस. मंग स्वतः उभी राह्यलीस. हमाल दात काढून राह्यले. तू खाली उतरून पदर खोचलास. "मिस्तरी, गाडीतलं सगळ्यात जड सामान तुमीच आहात. तुमी बाहेर."

"आन् चालवणार कोण?"

"मी."

मी हसलो. हमाल पण हसले. तू न्हाई हसलीस.

"जीप कोण चालवतंय जल्मभर?" म्हणलीस. ते खरंच होतं. रस्त्यात बंद पडलेली गाडी ओढून आणायची तर बंद गाडीत ब्रेकवर मी बसायचो आन् पुढं जीप तू हाकायचीस, अंगावर नऊवारी, तोंडात सुपारी. मी म्हणलो, "केसर, ती ओढायची जीप. ही पळायची गाडी."

"ओढणाऱ्याला पळता येत न्हाई असं कोण म्हणलं? आन् तुमी बाहेरच पाहिजेत. बाहेरून इंजिन ऐका. आत बसलं की तुमाला सगळं गोडच ऐकू येतं."

तिथून सुरू झालं. वजन वाचवायला शिटाच्या खालच्या सरकायच्या पट्ट्या आपण काढल्या होत्या. शीट आता एका जागी पक्कं वेल्ड करायचं होतं. पण कोणाच्या मापानं? माझे पाय लांब, तू ठेंगणी. सकाळी मी शीट मागं सरकवायचो. दुपारी तू डबा घेऊन आलीस की पुढं. संध्याकाळी मी मागं. मीरा फोनवर म्हणायची, "अप्पा, तुमचं शीट आहे का पाळणा?"

खोलून परत बांधलेलं इंजिन पहिल्यांदा लागलं तो दिवस आठवतो? नवा रस्ता झाल्यापासून जुन्या रस्त्याचा तुकडा रिकामा पडलाय, तिथं नेली. त्या दिवशी शीट मागं होतं, म्हणून मी बसलो. दुसरा गेअर टाकला आन् पोटातलं पाणी मागं राहिलं, केसर! कितीतरी गाड्या चालवल्या, अशी न्हाई. रेस दाबायच्या आधी पुढं जाती. जाऊन आलो तर तू दारापाशी उभी, चप्पल काढून ठेवलेली.

"उतरा. आता मी."

"मागचा ब्रेक धरून राह्यलाय. एवढं काम होऊ दे, मंग बस."

तू चप्पल घातलीस.

त्याच हप्त्यात तुझ्या छातीत दुखायला लागलं. जालन्याला न्यायला दवाखान्याची गाडी आली. तू आडवी, मी तुझ्या पायाशी. अंगाला घाम आन् तुझं लक्ष पुढं डायवरकडं. "मिस्तरी, हा गेअर उशिरा टाकून राह्यलाय." मी म्हणलो, गप पड. थोड्या वेळानं म्हणलीस, "गाडीचं तेवढं..." आन् धाप लागली. गाडीचं तेवढं काय, ते दवाखान्यात विचारू म्हणलो. दवाखान्यात तुला नळ्या लावल्या. विचारायचं राहिलं. मागचा ब्रेक मी अजून उघडला नव्हता.

आता दहाव्याचं सांगतो. तू तिथं होतीस का न्हाई मला माहीत न्हाई, म्हणून सगळं सांगतो.

तळ्याच्या काठी पिंड ठेवला. बाभळीवर कावळा बसलेला, एकच, पण खाली यायला तयार न्हाई. मीरा हात जोडून म्हणली, "माय, अप्पांना मी एकटं टाकणार न्हाई." कावळा ढिम्म. तुझा भाऊ भानुदास धावड्याहून आल्ता, तो पुढं झाला. "अक्का, तुझी बोरमाळ मीरालाच जाईल." न्हाई. "अक्का, म्हैस विकणार न्हाई." न्हाई. "तुझ्या कोंबड्यासुद्धा कापणार न्हाई!" कावळ्यानं पाठ फिरवली. ऊन चढून राह्यलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले, म्हाताऱ्या कुजबुजायला लागल्या की बाईचा जीव कशात तरी अडकलाय. मला माहीत होतं कशात अडकलाय, पण ते चारचौघांत कसं बोलू? माझ्या बायकोला रेसची गाडी चालवायची होती, असं?

शेवटी भानुदास माझ्यावरच घसरला. डोळ्यांत पाणी, आवाज चढलेला. "अक्का, मला कळलं! ह्या माणसाची काळजी आहे तुला. ऐक, दाजी ती गाडी चालवणार न्हाईत! मी शब्द देतो! दाजी त्या गाडीत बसणार न्हाईत!"

आन् कावळा उतरला. तोंडचं वाक्य संपलं न्हाई तोवर उतरला. पिंडावर चोच मारली, एकदा न्हाई, दोनदा.

सगळ्या बाया रडायला लागल्या. भानुदास रडला. आन् मी हसलो, केसर. मोठ्यानं हसलो. लोकांना वाटलं मिस्तरीचं डोकं फिरलं. कोणीतरी मला धरून सावलीत बसवलं, पाणी दिलं. त्यांना काय माहीत? त्यांना वाटलं तुला माझ्या जिवाची काळजी. मला दिसून राह्यलं होतं, तू मेल्यावर सुद्धा मला गाडीतून उतरवलंस. तिथं हसता हसता मंग मी पण रडलो. पण आधी हसलो, हे तुला माहीत पाहिजे.

तेरावं झालं, पाव्हणे गेले. घर एकदम मोकळं झालं, आत बोललं तर घुमायला लागलं. मी मागचा ब्रेक उघडला. साधं काम होतं. मंग शिटापाशी बसलो. शीट मागंच होतं, मी ठेवलेलं. मी ते पुढं सरकवलं, तुझ्या मापाची तू खडूनं खूण केली होतीस तिथं, आन् वेल्ड मारलं. चारी कोपरे. आता कोणाच्या बापाला सरकत न्हाई.

पण चालवणार कोण? मी न्हाई, तो शब्द कावळ्याला दिलेला. तू न्हाई. मीरा तुझ्याच उंचीची आहे हे मला ती भांडी घासायला बसली तेव्हा पाठमोरी बघून सुचलं. पण मीरा! ती पोरगी जालन्यात शाळेची व्हॅन चालवती. लेकरं बसलेली असतात म्हणून चाळीसच्या वर काटा जाऊ देत न्हाई. बैलगाडी तिला मागं टाकती.

"अप्पा, मला येड लागलंय का?" ती म्हणली.

"तुझ्या मायला लागलं होतं."

मंग तिला सगळं सांगितलं. अडतीतला काटा, चप्पल काढून उभी राह्यलेली तू, सगळं. ती हात ओले तसेच ठेवून ऐकत राह्यली. "माय मला कधी बोलली न्हाई," म्हणली. संध्याकाळी जाऊन गाडीत बसली. पाय बराबर पोचले. बराच वेळ स्टेरिंगला हात लावून बसली, मी ग्यारेजात दुसरंच काम करत राह्यलो. बाहेर आली ती म्हणली, "क्लच जड आहे." म्हणजे हो.

भानुदासला कळलं तर तो मोटरसायकलवर आला, लालबुंद. "दाजी, मी कावळ्याला शब्द दिलाय!"

"मी चालवतोय का?"

"भाचीला मारता का?"

मंग मी त्याला पण सांगितलं, त्याच्या बहिणीला काय पाहिजे होतं ते. त्यानं मानलं न्हाई. अक्का असलं बोलणारच न्हाई म्हणला आन् चहा न घेता गेला. पण आज पहाटे टेम्पो निघायच्या वेळेला बघतो तर पुढच्या शिटावर भानुदास, मांडीवर भाकरीचं गाठोडं. म्हणला, "शब्द मी दिला. काही झालं तर अक्का मलाच विचारणार. मंग मी तिथं नको का?" पुण्यापर्यंत ते गाठोडं धरून बसला.

तिथं तू मोबाईलवर बघितलास तसाच गोल काळा रस्ता, तिथल्या पोरांनी गाडी तपासली. पिंजरा हलवून बघितला, पट्टे ओढले, आग विझवायचा सिलिंडर बघितला. बॉनेटवर टिचकी मारून एकजण म्हणला, "काका, हे कुठून करून आणलं?" मी म्हणलो, "घरी केलंय. मंडळीनं." त्यानं बाकीच्यांना बोलावून दाखवलं. मला वाटलं आता तूच ते डोक्यावर घेऊन फिरशील.

मीरानं हेल्मेट घातलं, तर तिचं तोंड दिसंना. दिसून राह्यले फक्त दोन बारके हात. आन् सुटली!

पहिला फेरा व्हॅनीसारखा. मागून गाड्या भुर्र भुर्र निघून गेल्या. भानुदास डोळे मिटून जाळी धरून उभा. दुसरा फेरा जरा बरा. तिसऱ्याला लांबच्या सरळ रस्त्यावर ती आली आन् मला आवाज बदललेला ऐकू आला, केसर. पोरीनं पाय खाली नेला! इंजिन असं वर चढलं, मोकळं, एकसारखं, कुठं खोकला न्हाई, कुठं अडखळ न्हाई. समोरून गेली तेव्हा जाळी हादरली. तू बराबर म्हणत होतीस. आत बसून हे ऐकूच आलं नसतं. जुन्या रस्त्यावर मी आत होतो, मला नुसता धक्का कळला. गाडी काय आहे ते आज कळलं. भल्या मोठ्या चकाचक गाड्या सरळ रस्त्याला तिच्या पुढं जायच्या आन् वळण आलं की त्या जड बुडाच्या म्हशी फतकल मारायच्या, आन् आपली कोंबड्यांची गाडी आतल्या बाजूनं सर्रकन निघून जायची! मी नाचलो. ह्या गुडघ्यांनी नाचलो. भानुदासला गच्च धरून हलवला, "डोळे उघड ए, बहीण बघून राह्यली असंल आन् तू डोळे मिटतो!"

त्यानं उघडले. तेव्हाच शेवटच्या उजव्या वळणावर मीराच्या गाडीचं मागचं टोक सुटून घसरलं, गाडी आडवी होता होता तिनं सावरली आन् परत पळवली. भानुदास म्हणला, "दाजी, ह्या पोरीच्या व्हॅनीत मी जल्मात बसणार न्हाई." आन् पुढच्या फेऱ्याला माझ्याआधी तोच ओरडायला लागला.

झेंडा दाखवून तिला बोलावलं तर एक फेरा तिनं तो झेंडा बघितलाच न्हाई. तुझीच पोरगी. उतरून हेल्मेट काढलं तर तोंडभर हसू आन् डोळ्यांतून धार. "अप्पा," म्हणली, "मायला एकदा तरी बसू द्यायचं होतं."

खरं होतं. मी बॉनेट उघडून पाणी बघत बसलो. पाणी बराबर होतं.

परतीच्या वाटंवर ती दोघं झोपली, मी न्हाई झोपलो. तू पोरगी दिलीस मला, आन् म्हातारपणी हा येडेपणा दिलास. दुसऱ्या म्हाताऱ्यांना बायको गेल्यावर पार आन् विडी राहती. मला पुढच्या खेपेचं काम आहे. मागच्या काचा अजून काचेच्याच आहेत, त्या काढून पातळ प्लास्टिकच्या बसवतो. काट्याला टांगून मोजीन, खोटं बोलणार न्हाई.

चालवायचं भांडण तू जिंकलीस, जा. मी त्या गाडीत बसणार न्हाई. पण एक सांगतो, ते शेवटचं उजवं वळण आहे ना, जिथं मागचं टोक सुटलं, तिथं मीरा ब्रेक मारून राह्यली. तू पण मारला असतास, मला ठाऊक आहे, तू जीपला पण वळणात तसाच मारायचीस. मी असतो तर मारला नसता. नुसती रेस सोडली असती आन् गाडी आपोआप आत आली असती. हे मी मरेपर्यंत सोडणार न्हाई.

तुझं म्हणणं वेगळं असंल, तर भांड.